परत गेलेले मेल

नाट्यगृहाच्या तळघरात कपडेपट होता, आणि तिथली बाई गेली कित्येक वर्षं तीच होती. तिला सगळे टाचणी म्हणत. काम करताना ओठांत दोन-तीन टाचण्या धरायची सवय आणि अंगकाठीही तशीच, म्हणून ते नाव पडलं होतं. ती रागवत नसे. नटमंडळी येत, हात पसरून उभी राहत, ती मापं घेई, टाचे, उसवे, आणि मंडळी वर निघून जात. कुणाचा डावा खांदा उतरता आहे आणि कुणाचं पोट नाटकागणिक वाढतंय हे तिला तोंडपाठ होतं. पण त्यांच्या घरी कोण असतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या घरी कोण असतं हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

तिच्या घरी कोणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं. आई होती, ती शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळली. अगदी शेवटी, तिला उचलून बसवणं एकटीला झेपेना तेव्हा, टाचणीने तिला शुश्रूषागृहात ठेवलं. तिथं आई फार दिवस राहिली नाही. नंतर उरल्या दोन खोल्या, एक जास्तीचा पलंग आणि रेडिओ. सकाळी निघताना ती रेडिओ चालूच ठेवून जाई. संध्याकाळी दार उघडल्यावर आत कुणीतरी बोलत असलं की तेवढंच बरं वाटे.

एक धाकटी बहीण होती. लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली होती. रेल्वेने जायला पुरता एक दिवस लागे. ती तिथल्या पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसायची आणि तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मेहुणा जाड, हसरा, थट्टेखोर माणूस. फोनवर धाकटी बोलत असली की तो मागून ओरडे, "ताईंना सांग, माझ्या मापाचं कापड मिळेना झालंय." दोघी बहिणींचा आठवड्यातून दोनदा फोन व्हायचा आणि मधल्या दिवसांत धाकटी मेल करायची. त्यात फार काही नसे. गॅलरीतल्या कुंडीचा फोटो, नव्या शेगडीचा व्हिडिओ, तलावावर आज कोण घसरून पडलं त्याची हकिगत.

आई गेल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी फोनवर बोलता बोलता धाकटी म्हणाली, "ताई, एक सांगू का? आईला तिथं ठेवायची तू जरा घाईच केलीस. अजून चार महिने काढले असते घरी."

 धाकटी आईकडे त्या सगळ्या वर्षांत येऊन राहिली ती सणासुदीच्या पाहुण्यासारखी, दोन दिवस आणि परत.

"तू काढलेस का चार महिने?" टाचणीने विचारलं.

"मी तसं म्हणत नाहीये."

"मग कसं म्हणतेस?"

धाकटी रडायला लागली. टाचणीला तिच्या रडण्याचा अजूनच राग आला. ती म्हणाली, "मला आता फोन करू नकोस. काही सांगायचं असेल तर लिहून कळव." आणि तिने फोन ठेवला.

धाकटीने फोन केला नाही. बरेच दिवस लिहिलंही नाही. मग हिवाळा तोंडावर आला तेव्हा तिचा एक मेल आला. दोनच ओळी होत्या. "ह्यांना भूक लागत नाही. उद्या तपासायला नेतेय. बघू काय म्हणतात."

टाचणीने तो कपडेपटात उभ्या उभ्या वाचला. तिला वाटलं, आता बरी ताईची आठवण झाली. पुन्हा वाटलं, उत्तर द्यावं. मग म्हणाली, डॉक्टर काय म्हणतात ते कळवेलच की उद्या-परवा, तेव्हा लिहू. पण दुसऱ्या दिवशी मेल आला नाही, आठवड्यानेही नाही. म्हणजे विशेष काही निघालं नसणार, आणि बाईसाहेब पुन्हा रुसून बसल्या, असा तिने हिशेब लावला. तिचाही पीळ सुटला नाही. महिने गेले. उन्हाळा आला, गेला. आता पुन्हा सकाळी तळघरात हीटर लावावा लागत होता.

या काळात तिला कुणाचाच मेल आला नाही. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. कापडाच्या दुकानांचे, बटणवाल्यांचे, बँकेचे ढिगाने मेल यायचे, तेही बंद झाले होते. एकदा तिच्या मनात आलं होतं की दुकानदारसुद्धा आपल्याला विसरले. त्यावर ती एकटीच हसली आणि पुढच्या कामाला लागली. फोनवर मेल उघडला की वरती एक लाल पट्टी येई. ती जाहिरात असेल समजून ती बोटाने बाजूला सारत असे.

नव्या नाटकाची तालीम सुरू झाली आणि दिग्दर्शकाचा सहायक जिना उतरून खाली आला. चिडलेला होता.

"बाई, पाहुण्या नटाची मापं तुम्हाला दोनदा मेल केली. दोनदा परत आली. तुमचा पत्ता बदललाय का?"

"नाही. तोच आहे."

"मग तुमचा मेलबॉक्स भरलाय बहुतेक. साफ करून घ्या. मला मापं परवापर्यंत कपड्यात दिसली पाहिजेत." असं म्हणून त्याने मापं एका कागदावर खरडून दिली आणि गेला.

साफ कसं करतात ते तिला माहीत नव्हतं. एकेक मेल उघडून एकेक पुसायचा, एवढंच तिला येत होतं. दुपारच्या चहाला तिने ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला विचारलं. त्याला सगळे तारमास्तर म्हणत. निवृत्तीला आलेला, हळू बोलणारा माणूस. त्याच्या खिशात कायम चिकटपट्टीचं रीळ असे. तो चहाचा कप घेऊनच खाली आला आणि शिवणयंत्रापाशी स्टूल ओढून तिच्या लॅपटॉपसमोर बसला.

"अरे बापरे," तो म्हणाला. "हे तर काठोकाठ भरलंय, ताई. किती वर्षांत काही काढलं नाही तुम्ही?"

"काढायचं असतं का?"

"आता एकेक करत बसलात तर पुढचं नाटक येईल. गठ्ठ्याने करू. ज्याचे नको असतील त्याचं नाव इथं शोधायचं. हे बघा, बटणवाला. आता वर डाव्या कोपऱ्यात छोटा चौकोन आहे, त्यात टिक करा. पानावरचे सगळे धरले गेले. मग बघा, वर एक ओळ आली. या नावाचे जेवढे असतील तेवढे सगळे धरायचे का, असं विचारतंय. हो म्हणा. आणि आता ही कचऱ्याची टोपली."

तिने बटण दाबलं. बटणवाल्याची कित्येक वर्षांची सवलत, नवा माल आणि शुभेच्छा, सगळं एका क्षणात नाहीसं झालं.

"हे आमच्या कापण्यासारखंच आहे," ती म्हणाली. "कापडाचे थर एकावर एक लावायचे आणि कात्री एकदाच चालवायची."

"अगदी. फक्त खालच्या थरात काय आहे ते आधी बघून घ्यायचं."

मग तिला हात बसला. कापडाची दुकानं गेली. बँकेने पाठवलेल्या सूचना गेल्या. आईच्या औषधांच्या दुकानाचे मेल निघाले, "आपली पुढची मात्रा तयार आहे" असे, एकाखाली एक, पानंच्या पानं. तिने चौकोनात टिक केलं आणि थोडा वेळ तशीच बसली. तारमास्तरने चहाचा घोट घेतला आणि दुसरीकडे बघितलं. तिने तेही काढले.

एवढं करूनही जागा फारशी झाली नाही. तारमास्तरने डोकं खाजवलं. "संख्येने पुष्कळ गेले, पण ते हलके होते. जड काय आहे ते बघू. फोटो, व्हिडिओ." त्याने काहीतरी टाइप केलं. "हे बघा. सगळ्यात जड इथं आहेत. एकाच पत्त्यावरून आलेत. कुंडी, शेगडी, परत कुंडी. हे एवढे काढले की तुमचं काम फत्ते." बोलता बोलता त्याने वरच्या चौकोनात टिकसुद्धा केलं होतं. धाकटीचे सगळे मेल एकदम निळसर झाले, वरपासून खालपर्यंत.

टाचणीने त्याचा हात धरला. "ते नको."

"बरं."

"बहिणीचे आहेत."

"बरं, बरं. मी काही केलेलं नाही." त्याने टिक काढून घेतलं. निळा रंग गेला. "पण मग दुसरं काहीतरी जड काढायला लागेल. हे नाटकांचे फोटो आहेत. दर नाटकाला आपला फोटोवाला तुम्हाला सगळ्या कपड्यांचे पाठवायचा ना, तेच. मी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवू का?"

"कशाला? शिवलेत मीच."

तिने स्वतःच्या हाताने फोटोवाल्याचं नाव शोधलं, टिक केलं, सगळे धरले आणि टोपलीत टाकले. राजे, चोर, नवऱ्या मुली, सगळ्यांचे कपडे गेले.  टोपलीही रिकामी करावी लागते, नाहीतर जागा होत नाही, एवढं तारमास्तरने सांगितलं, आणि तिने टोपली रिकामी केली. लाल पट्टी गेली.

"आता येतील तुमचे मेल," तो म्हणाला.

"मधले? ते कुठे साठलेत?"

"मधले साठत नाहीत, ताई. डबा भरलेला असला की येणारा मेल बाहेरूनच परत जातो. पाठवणाऱ्याला निरोप मिळतो की पोचला नाही. कारण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचतं कोण? माणसाला वाटतं, समोरच्याने आपलं नाव बंद केलं."

"आणि हा कधीपासून भरला होता?"

तारमास्तरने यादीच्या अगदी वर जाऊन पाहिलं. "शेवटचा मेल मागच्या हिवाळ्याआधीचा आहे. एका दोऱ्याच्या कंपनीचा. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे तेव्हापासून."

दोऱ्याच्या कंपनीच्या मेलखालचाच मेल धाकटीचा होता. ह्यांना भूक लागत नाही. टाचणीने तारीख पाहिली. त्याच दिवसाची होती.

तारमास्तर कप घेऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "काही महत्त्वाचं राहिलं असेल तर विचारून टाका. लोक परत पाठवतात." ती मान हलवून हो म्हणाली.

घरी जाऊन तिने रेडिओ बंद केला आणि फोन घेऊन आईच्या पलंगावर बसली. धाकटीचा नंबर काढला. मग वाटलं, फोन करू नकोस म्हणून आपणच सांगितलं होतं, तर आता आपणच कसा करायचा? आणि तिने उचललाच नाही तर? तिने मेल लिहायला घेतला. पहिल्यांदा फार मोठा झाला. त्यात आई आली, शुश्रूषागृह आलं, दोन दिवसांच्या पाहुण्याचंही आलं. ते सगळं तिने पुसलं. शेवटी राहिलं ते असं: "माझा मेलबॉक्स भरला होता, मला आज कळलं. वर्षभर कुणाचंच काही पोचलेलं नाही. मध्ये तू काही लिहिलं होतंस का? त्यांची तब्येत कशी आहे? ताई."

मेल गेला. लगेच उत्तर येणार नाही हे तिला समजत होतं, तरी ती फोन हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागला. बटणवाला परत आला होता. त्याच्यामागून कापडाची दुकानं आली, मग बँक. दर वेळी ती हातातलं काम टाकून बघे. पाहुण्या नटाच्या अंगावर कोट चढवून ती बाही टाचत होती तेव्हाही फोन वाजला आणि तिने त्याला तसाच एक हात वर करून उभं ठेवलं. अस्तराच्या कापडावर सवलत होती.

"वाईट बातमी?" नटाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हात खाली घ्या."

असं त्या आठवड्याभर चाललं. शेवटी तिने मनाशी धरलं की धाकटी उत्तर देणार नाही, आणि आपल्यावर ही वेळ आपणच आणली.

उत्तर आलं ते रंगीत तालमीच्या दिवशी, दुपारी. खाली सगळीकडे माणसं होती. कुणाचा पट्टा सापडत नव्हता, कुणाची टोपी घट्ट होत होती. फोन एकदा वाजला, मग लागोपाठ अजून काही वेळा वाजला. तिने सहज पाहिलं आणि ओठांतल्या टाचण्या हातात काढून घेतल्या. धाकटीचंच नाव एकाखाली एक होतं. ती कापडाच्या कोठीत गेली आणि दार लोटून घेतलं.

पहिला मेल त्याच दिवशी लिहिलेला होता. "ताई, ह्यांना जाऊन आता पावणेनऊ महिने झाले. मी तुला चार वेळा लिहिलं होतं. चारही परत आले. मला वाटलं, तू मला बंदच केलंस. तुझा मेल आला त्या दिवशी मी तो वाचून ठेवून दिला. मला राग आला होता. आज ते परत आलेले चारही निवडले आणि तसेच तुला पाठवतेय. वाच."

बाकीचे ते चार होते. प्रत्येकाच्या वर मशीनने लिहिलेला परतीचा शेरा तसाच होता.

त्यातल्या पहिल्यात डॉक्टरांनी काय सांगितलं ते होतं. पोटात गाठ होती, आणि ती उशिरा सापडली होती. धाकटीने लिहिलं होतं, "मला भीती वाटतेय. तू फोन करू नकोस म्हणालीस म्हणून करत नाही, पण तू केलास तर चालेल."

दुसरा पंधरवड्यानंतरचा होता. "हे फार वाळलेत. सगळ्या पँटी गळतात. नव्या घेऊ म्हटलं तर म्हणतात, ताईला विचार, जुन्या आत घेता येतील. मागच्या शिवणीतून घेऊ की बाजूने? किती उसवायचं? मला उसवताना कापड फाटायची भीती वाटते. हे म्हणतात, ताईला सांग, आता माझ्या मापाचं कापड कुठेही मिळेल."

तिसरा लहान होता. हॉस्पिटलातून लिहिलेला. त्यात प्रश्न नव्हते. "खिडकीतून बसथांबा दिसतो. हे झोपले की मी तो बघत बसते. तू उत्तर देत नाहीस, तरी लिहितेय, कारण दुसरं कुणाला लिहू?"

चौथ्यात फक्त तारीख, वेळ आणि जागा होती. अंत्यविधीची.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "बाई, पट्टा."

"डाव्या कपाटात, खालून दुसरा कप्पा," तिने आतून सांगितलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. कोठीत बसायला काही नव्हतं. ती सुताच्या एका गठ्ठ्यावर बसली. तिने दुसरा मेल पुन्हा उघडला. मागच्या शिवणीतून घ्यायचं, हे तिने मनात सांगितलं. बाजूने घेतलं तर खिसे ओढले जातात. दीड मिनिटाचं उत्तर होतं. मग तिला रडू आलं, आणि बाहेर माणसं आहेत म्हणून तिने तोंडावर कापडाचा तुकडा धरला.

त्या संध्याकाळी तिने फोन केला. बराच वेळ वाजला, मग धाकटीने उचलला.

"वाचलं," टाचणी म्हणाली.

"हं."

"मी येते."

"आता येऊन काय करणार, ताई?"

"काही नाही. पण येते."

 पलीकडे दूर कुठेतरी नळ चालू होता. मग धाकटी म्हणाली, "गाडी बदलायला लागते. मधल्या स्टेशनावर पूल ओलांडून पलीकडे जावं लागतं. सामान कमी आण."

नाटकाचा पहिला प्रयोग होईपर्यंत तिला हलता आलं नाही. प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, वर सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. तिने घामाचे कपडे गोळा करून धुवायला टाकले, सहायकाला चार दिवस येणार नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी धरली.

धाकटीने दार उघडलं. ती जाड झाली होती आणि केस कापलेले होते. दोघी काही क्षण उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"आलीस."

"आले."

"खाल्लंस का काही गाडीत?"

"खाल्लं."

घर तिने व्हिडिओंत तुकड्या-तुकड्याने पाहिलं होतं; प्रत्यक्षात ते लहान निघालं. गॅलरीत कुंड्या होत्या, दोन सुकलेल्या. मेहुण्याची खुर्ची टेबलाशी होती आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवलेली होती. टाचणी दुसऱ्या खुर्चीत बसली. धाकटीने चहा टाकला. पाठमोरी उभी राहूनच ती बोलली.

"मला तुझा राग आहे, ताई. तो त्या परत आलेल्या मेलांचा नाही. ते मशीनने केलं, मला समजलं."

"मग?"

"पहिला परत आला नव्हता. भूक लागत नाही म्हणून लिहिलं होतं तो. तो तुला पोचला होता."

"हो. पोचला होता."

"मग त्याला उत्तर का दिलं नाहीस?"

टाचणीने गाडीत या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं वाटेना.

"मला वाटलं, तू अजून एकदा लिहिशील."

"लिहिलं की."

"हो."

धाकटीने चहा गाळला. कप तिच्यासमोर ठेवला. स्वतःचा घेऊन ती खिडकीशी गेली आणि तिथंच उभी राहून प्यायली.  धाकटीने तलावावरच्या कटकटी सांगितल्या, नवा व्यवस्थापक कसा हेकट आहे ते सांगितलं. टाचणीने नाटकाचं सांगितलं. मधेच एकदा धाकटी म्हणाली, "ह्यांनी शेवटपर्यंत तुझ्याविषयी वाकडा शब्द काढला नाही. म्हणायचे, ताई कामात असेल," आणि उठून कपडे आवरायला लागली. जेवून तिने बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. लहानपणी दोघींना एकच पांघरूण पुरत असे. आता तिने कपाटातून एक वेगळं काढून पायाशी ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज मात्र आला नाही.

सकाळी टाचणीला जाग आली तेव्हा धाकटी कोट घालून उभी होती. "माझी पहिली पाळी आहे. दुपारी येते. किल्ली टेबलावर आहे. पाव संपलाय, खाली कोपऱ्यावर दुकान आहे." ती गेली. जिन्यावरून उतरणारी तिची पावलं बराच वेळ ऐकू आली, मग बाहेरचं दार वाजलं.

टाचणी हात-तोंड धुऊन खाली उतरली. रस्त्याला कुणी ओळखीचं असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. बस आली, तिचा चालक तरुण होता. मुलं चढली आणि बस गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात एक म्हातारा फळीवर पाव मांडत होता.

"नवीन दिसता," तो म्हणाला.

"पाहुणी आहे. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बस चालवायचे त्यांच्याकडे."

"असं, असं. फार भला माणूस. सगळ्यांना हसवायचा." त्याने पाव कागदात गुंडाळला. "बाई एकट्याच असतात आता. तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण. मोठी."

म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "बहीण आहे हे माहीत नव्हतं. कधी बोलल्या नाहीत."

"आहे," ती म्हणाली आणि पाव घेतला.

वर जाताना तिचा मजल्यांचा घोळ झाला. सगळी दारं सारखीच होती. एका दाराला किल्ली लावली तर ती फिरेना, आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं, आणि तिला माफी मागून अजून एक जिना चढावा लागला. तिथं किल्ली फिरली. आत चहाचे दोन कप ओट्यावर विसळून पालथे घातलेले होते. दुपार व्हायला अवकाश होता. तोवर काय करावं ते तिला सुचेना. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना हात लावणं बरं वाटेना. तिने गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, सुकलेल्या दोनांनाही घातलं, आणि खुर्ची दारासमोर ओढून धाकटीची वाट बघत बसून राहिली.